पुरेसं आहे

साफोतू, सावाई बेट
१७ मार्च १९९७

लेउते वन्सं,

पेटी मिळाली. मासळीचे डबे घराघरात वाटून झाले आणि चादर आईंच्या अंगावर आहे. त्यांना ती जड होते, पण लेकीने पाठवलेली म्हणून काढू देत नाहीत. घामाने भिजतात आणि मला म्हणतात, तुला काय कळतं ऑकलंडच्या चादरीतलं. आत्ता त्यांचा डोळा लागलाय तेवढ्यात लिहिते. त्या उठल्या की पत्र थांबेल.

एक गोष्ट आहे. तुमच्या भावाने सांगू नकोस म्हटलंय, म्हणून सांगते. ह्यांच्या मानेत डाव्या बाजूला, जबड्याखाली गाठ आली आहे. बसचे सगळेच ड्रायव्हर गळ्यात टॉवेल टाकतात, त्यामुळे कितीतरी दिवस मला पत्ताच नव्हता. मग जेवताना टॉवेल, चर्चमध्ये टॉवेल, तेव्हा एका रविवारी मी तो ओढला. कोंबडीच्या अंड्याएवढी गाठ. "दुखत नाही ना, मग तुला काय त्रास?" म्हणाले.

लोलेनी म्हातारीने महिनाभर तेल चोळलं. कातडं लाल झालं, गाठ जागच्या जागी. मग इथल्या डॉक्टरने बोटांनी चाचपून सुई घातली. कोकोसारखं तपकिरी पाणी निघालं आणि गाठ बसली. हे इतके खूष झाले की त्या दिवशी बसमधल्या सगळ्यांना गाणी म्हणायला लावली. आठवडाभरात गाठ परत भरली. पुन्हा सुई, पुन्हा कोको. ते पाणी आपियाच्या मोठ्या इस्पितळात तपासायला गेलं. तिथून उत्तर आलं, काही सापडलं नाही. मी डॉक्टरला विचारलं, सापडलं नाही म्हणजे रोग नाही, की रोग आहे आणि तो सापडला नाही? तो म्हणाला, "बाई, तेच तर मलाही कळत नाही."

तुम्ही तिथे इस्पितळात असंच पाणी काचेवर घेऊन बघता, असं आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असतात. म्हणून विचारते. मी दमले आहे, वन्सं. आईंचं अर्धं अंग गेल्यापासून त्यांना उचलायला दोन माणसं लागतात, आणि त्यातलं एक माणूस मानेत गाठ घेऊन हिंडतंय.

आई उठल्या.

तेलेसिया


मांगेरे, ऑकलंड
६ एप्रिल १९९७

वहिनी,

राग मानू नकोस, पण घरचं पत्र 'पेटी मिळाली'ने सुरू झालं की मी आधी शेवट वाचते, मागणं तिथेच असतं. गेल्या वर्षी काकांच्या गुडघ्याचं असंच पत्र आलं होतं. काका इथे आले आणि तो गुडघा रग्बीच्या मैदानापर्यंत छान चालला. त्यामुळे तुझं पत्र वाचून मी ते पर्समध्ये टाकलं आणि विसरले. मग कामावर एक काच रंगवताना तो कोको आठवला आणि हात थांबला.

नुसत्या पाण्यात पेशी नसतात, किंवा असून नसल्यासारख्या असतात. गाठ पिशवीसारखी असली तर जे काही असतं ते बहुतेक तिच्या भिंतीला चिकटलेलं असतं. बोटांनी चाचपून घातलेली सुई मधल्या पाण्यातच जाते. त्यात तिथल्या डॉक्टरचा दोष नाही, त्याला आतलं दिसतच नाही. इथे सोनोग्राफीवर बघत बघत सुई घालतात. पोटातलं बाळ बघायचं तेच यंत्र मानेवर धरायचं. पडद्यावर गाठ दिसते, शेजारची मोठी रक्तवाहिनी उडताना दिसते, आणि सुई पांढऱ्या रेघेसारखी आत शिरताना दिसते. कुठे जायचं आणि कुठे थांबायचं ते कळतं.

मी त्या खोलीत कोपऱ्यात बसते. सुईतून आलेला थेंब काचेवर पसरायचा, रंगवायचा, मायक्रोस्कोपखाली बघायचा, आणि डॉक्टरांना एवढंच सांगायचं की पेशी पुरेशा आल्या, की पुन्हा सुई घालावी लागेल. पुरेसं आहे किंवा पुरेसं नाही, बस. रोग कोणता ते वरचे डॉक्टर सही करून लिहितात.

लोलेनीला सांग, आता हात लावू नकोस. आणि दादाला विचार, आवाज बसतो का, गिळताना अडतं का, वजन उतरलं का. तो नाहीच म्हणेल. तू बघून लिही. इथून काय चिठ्ठी लागेल ती मी पाठवते.

दोन पाळ्या करते आहे. शनिवार नात्यातल्यांचा, रविवार चर्चचा. पत्रात कुठे चिडकी वाटले तर ती चीड तुझ्यावर नाही.

लेउते


साफोतू
१८ मे १९९७

वन्सं,

ह्यांना तिकडे उपचाराला पाठवायचे सरकारी कागद निघाले. बोटीने आपियाला जाऊन मी त्या कचेरीत दोनदा बसून आले, दोन्ही वेळा साहेब चहाला गेलेले. मग एकदा आईंना खुर्चीसकट घेऊन गेले. आईंनी तिथे मोठ्याने प्रार्थना सुरू केली. साहेब धावत आले आणि सही झाली.

आवाज चांगला आहे, बसमध्ये अजून सगळ्यांवर ओरडतात. वजन उतरलेलं नाही, उलट माझं उतरलंय. जूनमध्ये येतील.

त्यांची एकच अट आहे. म्हणाले, "लेउते त्या खोलीत नको." तुम्हाला वाईट वाटू नये. भाऊ बहिणीसमोर उघडा फिरत नाही, तिच्यादेखत शिवी देत नाही, आणि तिथे तर आडवं पडून मान उघडी टाकायची. "मी घाबरलो तर ते तिने बघायचं का?" म्हणाले. मी म्हटलं, आणि मी बघितलं तर चालतं? म्हणाले, "तू बायको आहेस, तुला सवय आहे."

खरं सांगू? ते नसतील तेवढे दिवस एक पान कमी वाढायचं, हेच आधी मनात आलं. मग स्वतःची लाज वाटली. मग आई हाका मारायला लागल्या आणि लाज वाटून घ्यायलाही वेळ उरला नाही.

तेलेसिया


मांगेरे, ऑकलंड
२० जून १९९७

वहिनी,

हे पत्र दादाच्याच पिशवीत आहे. आईची छाती भरल्याचा गावच्या चर्चमधून फादरचा फोन आला आणि दादा ठरल्याआधीच निघतोय. तो पोचेपर्यंत तिला बरं वाटत असेल अशी आशा आहे.

सुई झाली. खोलीत मी नसायचं ठरलं होतं, माझ्या जागी हेलन बसणार होती. त्याच सकाळी तिच्या मुलाला कांजिण्या निघाल्या. दुसरं कुणी नव्हतं, आणि तो दिवस सोडला असता तर पुढची तारीख दादाच्या विमानानंतरची. मी आत गेले आणि टेबलाकडे पाठ करून बसले. दादाने मला पाहिलं. तोंड भिंतीकडे फिरवलं. डॉक्टर हॅलोरन म्हणाल्या, "छान, अस्सेच राहा, मला हीच बाजू हवी होती."

पडदा मला तिरका दिसत होता. काळी, पाण्याने भरलेली पिशवी, आणि आतल्या भिंतीला अर्ध्या शेंगदाण्याएवढा एक उंचवटा, रक्तवाहिनीच्या अगदी शेजारी. "आता गिळायचं नाही," डॉक्टर म्हणाल्या. दादाने टेबलाची कड धरली. पहिल्या वेळी काचेवर नुसता गाळ आला. मी म्हटलं, पुरेसं नाही. दुसऱ्या वेळी सुईचं टोक बरोबर त्या उंचवट्यात गेलं. मी पसरलं, रंगवलं, पाहिलं आणि म्हटलं, पुरेसं आहे. इंग्रजीत म्हटलं, पण तेवढं इंग्रजी दादाला कळतं. मग डॉक्टरांनी यंत्र गळ्याच्या मधोमध नेलं आणि बराच वेळ तिथेच बघत बसल्या.

घरी येताना गाडीत त्याने विचारलं, "पुरेसं म्हणजे कशाला पुरेसं?" मी म्हटलं, मी फक्त पसरते, दादा. मग वाटेत आम्ही तळलेला मासा घेतला.

रिपोर्ट टपालाने येईल. इथे थंडी आहे. दादाने माझे दोन्ही स्वेटर एकावर एक घातले, बाह्या कोपरापर्यंतच पोचल्या. आईच्या पाठीला लावायला मलम पाठवलं आहे. ह्यापेक्षा जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

लेउते


साफोतू
२० जुलै १९९७

वन्सं,

रिपोर्ट आला. डॉक्टरने वाचून दाखवला. कॅन्सर आहे, थायरॉइडचा, तिथून मानेत गेलेला. ऑपरेशनला परत ऑकलंडला बोलावलंय. ह्यांनी कागदाची घडी करून शर्टाच्या खिशात घातली आणि म्हणाले, "चला, दुपारची बस सोडायची आहे."

जाणार नाही म्हणतात. फादर येऊन बसले, जेवून गेले. मी ओरडले, रडले, एक दिवस पान वाढलं नाही तर शेजारी जाऊन जेवले. शेवटी काल जे बोलले ते जसंच्या तसं लिहिते.

"लेउतेने सगळ्यांच्या आधी पाहिलं. मी तिला गाडीत विचारलं, ती खोटं बोलली."

"ती म्हणाली ना, फक्त पसरते."

"तिचा आवाज मी ओळखत नाही का? चांगलं असतं तर बहिणीने भावापासून लपवलं असतं? आणि मग मला मासा खाऊ घातला. अख्खा. स्वतः खाल्ला नाही, माझ्याकडे बघत बसली. मरणाऱ्या माणसाला जेवताना बघतात तशी."

आता चुलतभावाला बस शिकवतायत. दोन चांगले शर्ट देऊन टाकले. संध्याकाळी आईंच्या पायाशी येऊन बसतात. आईंना आम्ही काही सांगितलेलं नाही, पण त्या सारख्या माझ्या तोंडाकडे बघतात आणि मी केळी सोलत राहते.

तुम्ही काय पाहिलंत, वन्सं? ते मला हवंय. आणि दुसरं म्हणजे मला लिहून भागणार नाही, त्यांना लिहा. माझं ऐकत नाहीत, फादरचं ऐकत नाहीत. बहिणीने शब्द टाकला तर भावाला तो मोडता येत नाही. तेवढी एकच गोष्ट उरली आहे आणि ती माझ्या हातात नाही.

तेलेसिया


मांगेरे, ऑकलंड
१० ऑगस्ट १९९७

वहिनी,

मी पाहिलं होतं. दुसऱ्या काचेवर. त्या पेशींच्या मधल्या गोळ्यावर घडी पडलेली असते, कॉफीच्या बीला असते तशी, आणि काहींच्या आत भोक पडल्यासारखं दिसतं. ती खूण एकदा पाहिली की विसरत नाही. थायरॉइडचा हा कॅन्सर बहुतेकांना मारत नाही. कापून काढतात, नंतर औषध देतात, माणूस म्हातारा होतो. मी ते त्या क्षणी ओळखलं आणि मला हायसं वाटलं. हायसं, वहिनी! आणि तोंड बंद ठेवलं.

सही नसलेला निकाल सांगायचा नाही हा नियम आहे, आणि माझं चुकलं असतं तर? नियम खराच आहे. पण तोंड न उघडण्याचं तेवढंच कारण नव्हतं. त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं होतं, मी पाठ केली होती. मी त्या खोलीत नव्हतेच, असं आम्ही दोघांनी न बोलता ठरवलं होतं. जी तिथे नव्हती ती काय सांगणार? आणि मासा मी खाल्ला नाही कारण तो पुन्हा काय विचारेल ह्याकडेच माझं लक्ष होतं. तेवढ्यावरून त्याने आपलं मरण ठरवलं, हे तुझ्या पत्रातून कळलं तेव्हा मी नळ सोडून बाथरूममध्ये बसून राहिले.

आता तू मागतेस ते. ऑपरेशन साधं नाही. आवाजाची नस थायरॉइडच्या मागून जाते, आवाज जाऊ शकतो. टेबलावर काहीही होऊ शकतं. मी सल्ला दिला तर करायचं की नाही ते त्याचं. शब्द टाकला तर ते माझं. तो उठला नाही तर तुझ्या पोरांच्या तोंडाकडे मी कशी बघू? डॉक्टर हॅलोरनना विचारलं, तुमचा भाऊ असता तर काय केलं असतं? त्या म्हणाल्या, "माझा भाऊ माझं ऐकतच नाही."

सोबतची चिठ्ठी त्याला दे. तू वाचलीस तरी चालेल.

लेउते

*

पेसामिनो,

दादा, मी तुझ्याशी खोटं बोलले. काचेवर काय आहे ते मला दिसलं होतं, आणि ते मरण नव्हतं.

लहानपणापासून तू मला आधी वाढलंस, माझ्या वाटणीचं पाणी वाहिलंस, माझ्यामागे कुणी काही बोललं तर भांडलास. मी तुला कधी काही मागितलं नाही. आता मागते. विचारत नाही, मागते. इकडे ये आणि ऑपरेशन करून घे. काही वाईट झालं तर ते माझ्या डोक्यावर.

तुझी बहीण
लेउते


साफोतू
३१ ऑगस्ट १९९७

वन्सं,

चिठ्ठी मी बस निघायच्या वेळी दिली, तेच चुकलं. इंजिन चालू, माणसं एकमेकांच्या मांडीवर बसलेली, आणि हे दारात उभं राहून वाचतायत. एकदा वाचली, उलटी करून मागची कोरी बाजू बघितली, पुन्हा वाचली. मागून कुणीतरी ओरडलं, "पेसामिनो, प्रेमपत्र नंतर वाच, आमची बोट चुकेल!" त्यांनी चिठ्ठी खिशात घातली, बस नेली, माणसं धक्क्यावर सोडली आणि परत आले. हात धुतले. मग मला म्हणाले, "विमान कधीचं?"

चौदा सप्टेंबरला निघतील. तुमचं म्हणणं डोक्यावर घेऊन येतायत, त्यांच्याशी सांभाळून बोला.

आई ठीक आहेत. काल भाजलेलं केळं मागून घेतलं आणि करपवलंस म्हणून मला बोलल्या. त्यांची काळजी करू नका. इकडचं मी बघते.

तेलेसिया


मांगेरे, ऑकलंड
५ ऑक्टोबर १९९७

वहिनी,

फादरच्या फोनवरून कळलंच असेल. ऑपरेशन सोमवारी झालं. सकाळी नेलं ते दिवस मावळताना बाहेर आणलं. थायरॉइड काढली, डाव्या बाजूच्या गाठी ओळीने काढल्या. कानाखालून गळ्यापर्यंत टाके आहेत.

आवाज नाही. नुसती हवा येते. डॉक्टर म्हणतात नस शाबूत आहे पण दुखावली आहे, आवाज परत येईल. किती येईल ते सांगत नाहीत.

त्याला लिहायला पाटी दिली आहे. शुद्धीवर आल्यावर पहिलं काय लिहिलं असेल? "हॉर्न बिघडला." दुसरं लिहिलं, "आई?" मी तुझं पत्र वाचून दाखवलं, करपलेल्या केळ्यापर्यंत. तो हसायला गेला आणि टाके ओढले गेले.

मी कामावर जाते, इथे येते, खुर्चीत बसून झोपते. पाय सुजलेत. परवा एका काचेवर नाव घालायला विसरले, असं कधी झालं नव्हतं. पण उठला, वहिनी. उठला तो.

आईला सांग.

लेउते


मांगेरे, ऑकलंड
२ नोव्हेंबर १९९७

वहिनी,

परत येऊन आठवडा झाला. घर माणसांनी भरलेलं होतं, चटया मांडायच्या, पाहुण्यांना वाढायचं, तू एका जागी उभी दिसली नाहीस, म्हणून तिथे बोलले नाही. आता लिहिते.

गेल्या महिन्याच्या नऊ तारखेला आई गेल्याचा फोन आला, तेव्हा दादाचे टाकेही निघालेले नव्हते. डॉक्टर नको म्हणत असताना आम्ही विमानात बसलो. मला वाटलं होतं अचानक गेली. मग मातीच्या दिवशी लोलेनीने माझा हात धरून सांगितलं, बिचारी सुटली, ऑगस्टच्या शेवटापासून चमचाभर पेजेवर होती. फादर मरणाऱ्याला लावतात ते शेवटचं तेल लावून गेले होते, तेही एकदा नाही, दोनदा.

आणि तू मला भाजलेलं केळं लिहिलंस. ते पत्र मी दादाला वाचून दाखवलं, तो हसला. मला कळलं असतं तर मी आले असते. चार दिवस, दोन दिवस, कसंही. तिने माझी चादर अंगावरून काढू दिली नाही आणि मी इथे परक्यांच्या काचा रंगवत बसले. माझी आई होती ती, तुझी नाही.

हे शेवटचं वाक्य खोडणार होते. खोडत नाही.

लेउते


साफोतू
२३ नोव्हेंबर १९९७

लेउते,

हो, केळं खोटं होतं. तुझ्या भावालाही मी रोज तेच सांगायचे, आई दुपारी जेवल्या आणि आता झोपल्यात, आणि फादर आले ते तो बसवर असताना.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. आज लिहिते, कारण आज घरात उचलायला कुणी नाही आणि हातांना काय करावं ते कळत नाही.

मी खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं ते तूच सांग. तुझा भाऊ आईच्या उशाशी बसला असता आणि हलला नसता. तुझा शब्द मोठा, पण आई त्याच्यावरची. मग घरातून दोन मढी गेली असती. तुला एकटीला लिहिलं असतं, तर तुझ्या तोंडाकडे बघून तो समजला असता, गाडीत समजला तसा. तुला लपवता येत नाही. मला येतं. मी कुणाला विचारलं नाही, मीच ठरवलं. चूकही असेल. त्या दिवसांत चूक की बरोबर हे बघत बसायला मला फुरसत नव्हती, चादरी धुवायच्या होत्या.

तुझी आई, माझी नाही. बरोबर आहे. पाच वर्षं मी तिचं अंग पुसलं, आणि ती म्हणायची, लेउते असती तर हळू पुसलं असतं.

शेवटच्या दुपारी तिला माणसं ओळखू येत नव्हती. माझा हात धरला आणि म्हणाली, "लेउते, कधी आलीस?" मी म्हटलं, आत्ताच आले, आई. म्हणाली, "जेवलीस का?" मी म्हटलं, जेवले. तेही खोटंच, सकाळपासून पोटात काही नव्हतं. मग तिने डोळे मिटले. पाऊण तासाने गेली. हात धरलेलाच होता.

हे तुला मातीच्या दिवशीच सांगायचं होतं. पण ते तुझं होतं आणि मी घेतलं, म्हणून तोंड होईना.

'तू' लिहिलंय. राग आला तर येऊ दे.

तेलेसिया


मांगेरे, ऑकलंड
१४ डिसेंबर १९९७

तेलेसिया,

रोज लिहायला बसते आणि "कधी आलीस" ह्याच्यापुढे जाता येत नाही. आज ठरवून बसले आहे.

तू ओ दिलीस ते बरं केलंस. मी तिथे असते तरी तेच म्हटलं असतं, आणि मीही जेवलेली नसते. केळ्याचा राग गेला की नाही ते मला माहीत नाही. गेला असं लिहिलं तर ते तुझ्या केळ्यासारखंच होईल. पण तुझ्या जागी मी असते तर काय केलं असतं, ह्याचंही उत्तर माझ्याकडे नाही.

आता दादाचं. फेब्रुवारीत त्याला आयोडीनचं औषध द्यायचं आहे, उरलंसुरलं काही असेल ते जाळायला. त्याआधी महिनाभर थायरॉइडच्या बदल्यात घेतो ती रोजची गोळी बंद. फार थकवा येईल, घाबरू नका. समुद्रातलं काही खायचं नाही, मासळी पूर्ण बंद. औषध घेतल्यावर अंगातून किरण निघतात, म्हणून काही दिवस त्याला एकट्याला बंद खोलीत ठेवतात. कुणी जवळ जायचं नाही, जेवण दाराशी ठेवतात. मग मानेची पुन्हा सोनोग्राफी, काही दिसलं तर पुन्हा सुई. हे असंच चालणार आहे, वर्षानुवर्षं. आता संपलं, असं कुणी म्हणणार नाही. तुला आधीच सांगून ठेवते.

'वन्सं' परत लिहू नकोस.

लेउते


साफोतू
१८ जानेवारी १९९८

लेउते,

आवाज आला आहे, पण डब्यात खडे घालून हलवल्यासारखा. बसमध्ये ओरडता येत नाही म्हणून शिट्टी घेतली आहे. आता पोरं विचारतात, "पेसामिनो, सामना किती वाजता?"

मासळी बंद, तीही ह्या बेटावर! शेजारी चूल पेटली की हे नाक दाबून मागच्या अंगणात जाऊन बसतात. गोळी बंद होऊन आठवडा उलटला. काल बसच्या पायरीवर बसले होते, किल्ली हातात, वर चढवेना. मला म्हणाले, "तेलेसिया, हाडांत पाणी भरल्यासारखं वाटतंय. सकाळी उठतो तोच दमलेला. तुला कधी असं होतं?" मी म्हटलं, रोज. मग उठले आणि नळावरून दोन बादल्या भरून आणायला गेले. वाटेत थांबत, धापा टाकत आणल्या. मी अडवलं नाही.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचते. एकटा, बंद खोलीत, कुणी जवळ जायचं नाही, जेवण दाराशी. अगं, हा उपचार आहे की बक्षीस? आपल्या घराला नुसते खांब आहेत, भिंती नाहीत, तुला माहीतच आहे. सासरी आल्यापासून मी एकदाही एकटी झोपलेले नाही. आधी मुलं, मग आई, मधूनमधून पाहुणे. आई गेल्या तरी अजून त्यांच्या हाकेने जाग येते, उठून बसते, मग आठवतं.

ह्या वेळी मीही येते आहे. मुलांना माझी बहीण बघेल. मला शहर दाखवू नकोस, दुकानं नकोत, नातेवाइकांकडे नेऊ नकोस. चर्चला नाही नेलंस तरी चालेल, फादरना सांगू नकोस. ते त्यांच्या खोलीत असतील तेवढे दिवस मला फक्त झोपायचं आहे. चालेल का?

तेलेसिया


मांगेरे, ऑकलंड
१ फेब्रुवारी १९९८

तेलेसिया,

ये. मागची खोली रिकामी केली आहे. पलंग आहे, खिडकी अंगणात उघडते, शेजाऱ्यांचा कुत्रा भुंकतो पण फार नाही. तू येतेस हे मी नात्यातल्या कुणालाही सांगितलेलं नाही. विमानतळावर मी एकटीच असेन.

दाराला कडी आहे. आतून लागते.

लेउते